दोनशे सहा नंबरचं रोप

"मावशी, हातात काय आहे?"

"अगं, दवणा." शोभनामावशीने मूठ उघडली. "चैत्र आहे ना. घरी गेल्यावर महादेवाला वाहू. वास मात्र काहीच नाही गं ह्याला."

विनीताने मागे पाहिलं. मावशीला तिने रोपांभोवतीच्या दोरीबाहेर, घडीच्या खुर्चीवर बसवलं होतं. खुर्ची रिकामी होती. तिने हातातल्या गणतीच्या कागदाकडे पाहिलं.

*रोप क्रमांक : २०६*
*उंची : वीतभर*
*फुलोरे :*

एक होता. तो आता मावशीच्या तळहातावर होता.

विनीता अमेरिकेत, रेडमंडला सॉफ्टवेअर टेस्ट करते. एप्रिलमधले दोन शनिवार मात्र ती डोंगर ओलांडून, अडीच तास ड्राइव्ह करून कोलंबिया नदीकाठच्या या गोट्यांच्या पट्ट्यावर येते. इथे नॉर्दर्न वर्मवुड उगवतं. दवण्याचं उत्तरेकडचं रानटी भावंड. थंडीत गोठायचं, वाऱ्याने वाळूत गाडलं जायचं, आणि वसंतात पुन्हा डोकं वर काढायचं. इतकं चिवट, तरी त्याच्या उरलेल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. अकरा वर्षं विनीता गुडघ्यांवर रांगत त्याची शिरगणती करत होती. २०६ तर तिनेच लावलेलं. सात वर्षं नुसती पानांची गादी करून बसलं होतं. यंदा पहिल्यांदा दांडा काढला होता.

दोरीच्या आत फक्त ट्रेनिंग घेतलेल्यांनी जायचं. पाहुणा आत शिरला, तर त्याला आणणाऱ्याची परवानगी गेली. हा नियम विनीतानेच कितीतरी नवख्यांना समजावला होता.

"एकच तर काडी," मावशी म्हणाली. मग तिने भाचीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "विनू, फार वाईट झालं का गं?"

"हो."

 मावशी हळूच म्हणाली, "मग सशाने खाल्लं म्हण. असतील ना इथे ससे?"

"आहेत ना. भरपूर आहेत."

*प्राण्यांनी खाल्ले : हो / नाही*

रकाना छापलेलाच होता. खूण केली की संपलं.

*शेरा :* माझ्या मावशीने फुलोरा खुडला. तिला मी आणलं होतं. बाकी रोप शाबूत.

मग तिने मावशीला खुर्चीवर नेऊन बसवलं आणि २०७ पासून पुढे मोजायला घेतलं. तीनशे अकरापर्यंत. दोन तास लागले. मावशी ती काडी रुमालावर ठेवून, वारा लागू नये म्हणून वर हात धरून बसली होती.

गणतीचं काम हॅना बघते. तिने पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून वाचले, एका ओळीवर थांबली, चष्मा काढला.

"व्हिनीटा, हे लिहिलं नसतंस तर मला कळलं नसतं."

"पुढच्या वर्षीचा हिशोब चुकला असता. ससे वाढले समजून जाळी लावली असतीस तू."

"आय प्लक," मावशी मध्येच म्हणाली. "नॉट शी. मी. ओल्ड वुमन."

हॅनाने मान डोलावली, काडी एका पाकिटात घातली, वर २०६ लिहिलं. मग तिने विनीताकडच्या फाटकाच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

"किती वर्षं?" विनीताने विचारलं.

"दोन तरी."

विनीताने किल्ली तिच्या हातावर ठेवली.

*दुसरा शनिवार*

फेरमोजणीला तिच्या जागी राजेश आला होता. तिच्याच टीममधला, नागपूरचा. मागच्या वर्षी तिनेच गळ घालून त्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. विनीताने विचारलं, दोरीबाहेर उभी राहिले तर चालेल का? हॅना म्हणाली, बाहेर कोणीही उभं राहू शकतं.

"यार, एकशे चाळीस दिसतच नाहीये," राजेश आतून ओरडला. "मेलं लिहू का?"

"थांब. तुझ्या डाव्या बुटाजवळ चपटा दगड आहे बघ. त्याच्या मागची वाळू सार. बोटाने. हळू."

तो गुडघ्यांवर बसला. बराच वेळ त्याची नुसती पाठ दिसत होती.

"सापडलं. जिवंत आहे."

"फुलोरे?"

"दोन."

"पुन्हा मोज."

त्याने मोजले. "तीन. एक खाली दबलेला होता."

नदीवरून वारा सुटला होता. दोरी विनीताच्या गुडघ्यांना लागायला लागली. ती अर्धं पाऊल मागे सरली.

"लिही," ती म्हणाली.