जाळी कोण साफ करतंय?

मित्रांनो, न्हाणीघराबाहेरच्या अरुंद बोळात भिंतीला पाठ लावून उभा असलेला, पांढऱ्याचा पिवळट झालेला हा चौकोनी ठोकळा म्हणजे मी. कपडे वाळवणारा ड्रायर. वय अकरा वर्षे. यंत्रांमध्ये एवढ्या वयाला म्हातारपण लागले असे समजतात; पण मला अजून तसे काही जाणवत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुणी पत्रा वाकवला, कुणी पोटात पिंप बसवले, कुणी मोटर जोडली. शेवटी तपासणीच्या बाईंनी माझ्यात एक ओला टॉवेल फिरवला, बाहेर काढून गालाला लावला आणि समाधानाने मान डोलावली. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक! पण दुकानात उतरवताना मी हमालाच्या हातून निसटलो आणि माझ्या कुशीला चांगला पोचा पडला. मग काय, माझी रवानगी थेट मागच्या रांगेत, किंमत कमी केलेल्या मालात झाली.

तिथेच मला माझी माणसे भेटली. आई इस्पितळात परिचारिका. बाबा बेकरीत कामाला. थोरली मुलगी रोज पोहायला जाणारी. त्यात दोन वर्षांची जुळी, एक मुलगा आणि एक मुलगी. आणि बाबांचे वडील, आयुष्यभर घड्याळे दुरुस्त केलेले. त्यांना सगळे अप्पा म्हणत. या सगळ्यांच्या घराला गॅलरी नव्हती. खुर्च्यांवर, दारांवर, पलंगाच्या दांड्यांवर ओले कपडेच कपडे! भिंतींना ओल आली होती आणि जुळ्यांतल्या मुलीचा खोकला हटत नव्हता. ओले कपडे घरात वाळत घालू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते.

विक्रेत्याने त्यांना आधी दिव्यांनी लखलखणारे एक महागडे यंत्र दाखवले.

"हा फोनवरूनसुद्धा चालतो, मॅडम!"

"आमच्या घरात फोन सापडेपर्यंत कपडे आपोआप वाळतील," आई म्हणाली. तिने पर्समधून बोळाच्या मापाची सुतळी काढली आणि एकेक यंत्र मोजत मागच्या रांगेत आली. मी बरोबर मापात बसलो. मग तिने तीनच प्रश्न विचारले. वीज किती खातो? घरभराचे कपडे एका वेळेला मावतात का? बिघडला तर दुरुस्तीला कोण येतं?

तोवर अप्पा माझ्यासमोर उकिडवे बसले होते. कपड्यांतून निघणारा मऊ कचरा अडवणारी माझी जाळी त्यांनी बाहेर काढली, उजेडात धरून पाहिली आणि परत बसवली.

"जाळी सहज निघते याची. हा घ्या."

"अप्पा, पण याला पोचा आलाय," बाबा म्हणाले.

"मलाही आलेत. चालतंय ना माझं?"

अशा तऱ्हेने मी घरी आलो.

पुढची तीन वर्षे कशी गेली ते कळलेच नाही. आईचा गणवेश, बाबांचे पिठाचे एप्रन, थोरलीचे टॉवेल, जुळ्यांच्या चड्ड्या आणि झबली, सगळे माझ्या पोटात गरगरून उबदार होऊन बाहेर पडे. भिंती कोरड्या झाल्या. मुलीचा खोकला गेला. आलेल्या-गेलेल्याला आई कौतुकाने सांगे, "हा आला आणि मी सुटले!" मी नुसता फुलून जायचो.

मग अप्पांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. दोन महिने ते लेकीकडे राहायला गेले, आणि माझे दिवस फिरले. तासाभराच्या कामाला दोन तास लागू लागले, मग तीन. तरी कपडे दमटच. खुर्च्यांवर पुन्हा चड्ड्या लटकल्या. मुलगी पुन्हा खोकू लागली. आई ओलसर गणवेश घालून कामावर जाऊ लागली. "डबडं झालंय नुसतं!" बाबा मला म्हणाले. मित्रांनो, मला फार वाईट वाटले. मी तर जीव तोडून फिरत होतो.

एका रविवारी दुपारी माझ्यातून जळका वास आला. आईने धावत येऊन बटण बंद केले. नवा ड्रायर आणायचा, हे तिथल्या तिथे ठरले. तेवढ्यात अप्पांचा फोन आला. तो थोरलीने घेतला.

"काय गं, आवाज का पडलाय?"

"अप्पा, ड्रायर गेला. जळका वास येत होता."

मग अप्पांनी विचारले, "जाळी कोण साफ करतंय?"

"कसली जाळी?"

अप्पांनी सांगितले तशी तिने ती ओढून काढली. जाळीवर करड्या कचऱ्याची गोधडीच तयार झाली होती! दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या काकू आल्या. त्यांनी माझी पाठ उघडली, हवेची नळी मोकळी केली आणि म्हणाल्या, "यंत्र धडधाकट आहे. श्वास कोंडला होता बिचाऱ्याचा. असाच चालवला असता तर आग लागली असती."

आता कुठे आईच्या लक्षात आले. तीन वर्षे, प्रत्येक धुण्यानंतर, अप्पा जुन्या टूथब्रशने माझी जाळी साफ करत होते. ते आजवर फक्त मला ठाऊक होते. तिने अप्पांना फोन लावला.

"अप्पा, आम्हाला न सांगता आणखी काय काय करत होतात तुम्ही?"

"विशेष काही नाही गं."

"सांगा ना, अप्पा."

अप्पा अडखळत सांगू लागले आणि थोरली लिहू लागली. मोरीतले केस काढणे. बिजागऱ्यांना तेल. जुळ्यांच्या बुटांचे उसवलेले टाके. आईच्या घड्याळाचा सेल. बाबांच्या डब्याचे झाकण नीट लागले आहे का ते पाहणे. कागदाची एक बाजू संपली. थोरलीने पान उलटले. आई पदराने डोळे पुसत होती. तो कागद माझ्या दारावर चिकटला, आणि प्रत्येक कामापुढे घरातल्या कुणाचे तरी नाव लागले.

अप्पा परत आले ते नवा चष्मा लावून. सवयीने माझ्यासमोर वाकले, तोच जुळ्यांतली मुलगी हात पसरून आडवी उभी राहिली.

"ते माझं काम आहे!"

"बरं बाई. मग मी काय करू?"

तिने विचार केला आणि स्टूल ओढत आणले. "तुम्ही बसा. मी चुकले तर सांगा."

तिने जाळी पुसली, परत बसवली. एक कोपरा वरच राहिला. "चुकलं का, अप्पा?"

"जरासं. पुन्हा बघ."

तिने अंगठ्याने दाबले. खट्ट!

आज जुळी तेरा वर्षांची आहेत आणि मी अजून रोज फिरतो आहे. मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरात जे जे सुरळीत चालले असेल, त्याबद्दल एकदा विचारा, "हे कोण करतं?" उत्तर मिळाले नाही तर घरात जरा हिंडून बघा. ते माणूस बहुधा कुठेतरी वाकून काहीतरी पुसत असेल. त्याच्या शेजारी बसा आणि त्याच्या हातातले अर्धे काम मागून घ्या.