सहाशे चाळीस वाक्यं

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी धाकट्या भावाने हार्ड डिस्कवरचं एक फोल्डर कायमचं काढून टाकलं. त्यात त्याच्या ताईचा आवाज होता.

ताई निवृत्त शिक्षिका. बुधवारी तिचं स्वरयंत्र काढणार आहेत. म्हणून दोन महिने बसून तिने सहाशे चाळीस वाक्यं रेकॉर्ड केली होती. त्यांवरून एक यंत्र पुढे तिच्या आवाजात बोलणार होतं. आता घसा इतका बसला आहे की पुन्हा रेकॉर्ड करणं शक्य नाही.

भाऊ औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. दर रविवारी तो बायकोसह ताईकडे येतो, तिच्या लॅपटॉपला प्रती ठेवायची डिस्क जोडतो आणि दोन्हीकडचं ताडून पाहतो. लॅपटॉपवर आहे ते डिस्कवर हवं, लॅपटॉपवर नाही ते डिस्कवरही नको. गोदाम त्याने एकवीस वर्षं असंच सांभाळलं.

शुक्रवारी सहलीचे जुने फोटो भरताना लॅपटॉप जागा नाही म्हणून अडून बसला. ताईने सगळ्यात जड फोल्डर काढलं, कचरापेटीही रिकामी केली. फोल्डरचं नाव होतं ‘नवीन फोल्डर ३’.

रविवारी दुपारी एकच्या सुमारास ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “ते माझं बोलणं पेनड्राइव्हवर घालून दे रे. उद्या हॉस्पिटलात द्यायचंय.”

“कुठंय ते?”

“नवीन फोल्डर तीन. तुझ्याकडे आहे म्हणून मी काढलं.”

भावाने माउसवरचा हात उचलला. “तुझ्याकडे नव्हतं म्हणून मी काढलं.”

त्याची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. “अहो, बहीण आहे ती तुमची, औषधाचं खोकं नाही! नुसतं विचारायला काय झालं होतं?”

“आणखी एक प्रत वेगळी ठेवायला हवी होती,” भाऊ म्हणाला.

“आता शहाणपण नको. माणूस शोधा कुणीतरी.”

“ओरडू नकोस गं त्याला,” ताई म्हणाली. “लहानपणापासून मेला नीटनेटकाच.”

भाऊ हसला नाही. दोन जागा सारख्या ठेवता ठेवता त्याने एकच जागा ठेवली होती, हे त्याला आत्ता कळत होतं.

पुसलेल्या फाइली परत मिळवून देणाऱ्या बाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, “काढल्यावर त्या डिस्कवर काही भरलंत?”

“सहलीचे फोटो. बाराशे.”

“म्हणजे पुसलेल्याच्या जागी ते बसले असतील,” बाई म्हणाल्या. “डिस्क काढा. परत कुठेही जोडू नका. तशीच घेऊन या.”

तासाभरात तो ती टॉवेलात गुंडाळून देऊन आला.

सोमवारी संध्याकाळी पाचला बाईंचा फोन आला. सहाशे अकरा फाइलींची नावं दिसत आहेत. नाव दिसलं म्हणजे आत आवाज असेलच असं नाही. नऊ उघडून पाहिल्या. सहांत ताई बोलते आहे, तीन कोऱ्या आहेत. बाकीच्या तपासायच्या आहेत. ऑपरेशन बुधवारी सकाळी आठला आहे.