गुनाचं पोर

सगळं गाव म्हनायचं, मनुबाईचं पोर लय गुनाचं. पाळन्यात टाकलं की दिसभर आवाज न्हाई. आन् मी बया फुगून जायची. चव्वेचाळीस साल. माझा मालक जोतीराम ब्रह्मदेशात लढाईवर, सासरा कवाच गेलेला, उसातलं तन काढायची भांगलन आमा सासूसुनांच्या अंगावर. असलं गप पोर देवानंच दिलं, म्हनायची मी. आता आठवलं की आपल्याच थोबाडीत मारून घ्यावं वाटतं.

ज्ञानू सा म्हैन्यांचा झाला तवा त्याला देवी टोचायला मिरजंच्या एका दवाखान्यात नेला. तितं दर बेस्तरवारी वसरीवर सतरंजी हातरून धा-बारा आयांस्नी पोरांसकट बसवत. जरिना म्हनून नर्सबाई हुती. पोर कसं वाढतं ते शिकवायची म्हंजे काय, वाटीवर चमचा वाजवायची आन् म्हनायची, माझ्याकडं बघू नका, आपापल्या पोराकडं बघा. मला हसूच आलं. पोराकडं काय बघायचं, आमी पोरं बघितली न्हाईत व्हय?

तरी बघितलं. चार म्हैन्यांची एक पोरगी आवाजाकडं मान वळवाय लागली. पाच म्हैन्यांच्या एकानं आईची बांगडी धरून तोंडात घातली. दुसरं एक द्वाड माझाच पदर वढत हुतं. आन् माझा ज्ञानू मांडीवर वल्या धडप्यागत पडलेला. कानाशी चमचा वाजवला तरी हलला न्हाई. उबा धरला तर मान मागं पडली. समद्या बाया माझ्याकडं बघाय लागल्या, आन् माझं टाळकं सरकलं. म्हटलं, माझं पोर शांत हाय, तुमच्या पोरांवानी वाह्यात न्हाई.

जरिनाबाईनं त्याची पापनी वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी. मग हळूच इचारलं, ह्याला अफू कोन देतं? मी ताडकन उठले. आमच्या घरात तमाखूला बी कोन शिवत न्हाई, म्हटलं. तवा तिनं इचारलं, बाळगोळी देता का?

बाळगोळी तर देतोच की. रोज शेताला जायच्या आदी सासूबाई दुधात उगाळून चाटवायच्या, माझ्या डोळ्यादेखत.

"अफू त्यातच असती, बाई," जरिनाबाई म्हनली.

दाक्तरांनी पोराला ठिवून घेतलं. दुसऱ्या दिशी सासूबाई, साळूबाई नाव त्यांचं, भाकरी घिऊन आल्या, आन् लगनाच्या चार वर्सांत पैल्यांदा मी त्यांच्यावर तोंड सोडलं. ज्या हातानं पोराला न्हाऊ घातलं त्याच हातानं इख चाटवलं, म्हटलं. त्या बी गप बसनाऱ्यातल्या न्हाईत. गावात कोन देत न्हाई, पोर बोंबलत ठिवून भांगलन हुती व्हय, आन् गप हाय म्हनून नाचत कोन हुतं, असं समदं इचारलं. त्यात शेवटचं खरं हुतं, म्हनून लयच झोंबलं. राग तरी कुनाकुनावर काढायचा? पुडी बांधून उघड इकनाऱ्या दुकानदारावर, का माझ्यावर? भाकरी तशीच ठिवली मी.

अफू तुटली तसं पोर चार दिस नुसतं रडलं. घसा बसला तरी रडलं. दाक्तर औशीद देत हुतं, मी त्याला घिऊन वसरीवर येरझाऱ्या घालत हुते. साळूबाई घरी गेल्याच न्हाईत.

फुडला बेस्तरवार आला. सतरंजी पडली, आया बसल्या, सासूबाई मागं भिताडाला टेकल्या. जरिनाबाईनं चमचा वाजवला आन् माझ्या ज्ञानूनं डोळं वळवलं. मान न्हाई, नुसतं डोळं. मला तेवढंच लय झालं. जरिनाबाई सांगत हुती, कितव्या म्हैन्यात मान धरत्यात, कितव्यात बसत्यात.

मागनं साळूबाईचा आवाज आला. "आन् वरसाचं झालं तरी मान धरत नसलं तर? मग एक दिशी सांजंला शेतातनं यावं, आन् ते उठतच न्हाई, असं झालं तर?"

जरिनाबाईनं इचारलं, कुनाचं पोर?

"माझी दोन. जोतीच्या आदीची." त्या उब्या ऱ्हायल्या. "देवानं नेली म्हनून गप बसले मी. तीस वर्सं झाली. गोळीत काय असतं ते तुमाला ठावं हुतं, दाक्तराला ठावं हुतं, इकनाऱ्याला बी ठावं असंल. मग मला कुनी का सांगितलं न्हाई?"

समद्या बाया खाली बघाय लागल्या. जरिनाबाईनं चमचा खाली ठिवला. मी ज्ञानूला काखंत घेतलं, उठले आन् सासूबाईच्या शेजारी जाऊन उबी ऱ्हायले.