खालच्या संडासाची किल्ली

शिलाईच्या कारखान्यात काजं-बटणांच्या मशीनवर बसणाऱ्या मावशीला त्या दिवशी एक संशोधक बाई भेटायला आल्या. अपंग माणसांचं काम, कमाई, घरदार यांचा त्यांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, ते त्या शोधत होत्या. मालकही खुर्ची ओढून मध्येच बसला, जणू लग्नाची बोलणी चालली होती.

मावशीचे दोन्ही पाय लहानपणीच लुळे पडलेले. चाकांच्या पाटावर बसून, हातांनी रेटत ती कारखानाभर फिरायची.

"सध्या त्रास कसला होतो?" बाईंनी विचारलं.

"मूत्रपिंडाचा. एक कामातून गेलंय, दुसरं कुरकुरतंय."

"पाणी कमी पिता का?"

मावशीने तोंड उघडायच्या आत मालक म्हणाला, "अहो, घसा फोडून सांगतो, पाणी प्या! ऐकेल तर शपथ. स्वतःचीच हेळसांड, दुसरं काय!"

बाईंनी मान डोलावली. पाय चालत नसले तरी मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बायकांचा संडास जिना चढून वर होता. पूर्वी इस्त्रीवाली मावशीला पाठुंगळी घेऊन न्यायची. "माझी इस्त्री तुझ्याहून जड आहे ग," म्हणायची, आणि अर्ध्या जिन्यात दोघी हसत सुटायच्या. तेव्हा मावशी ग्लासावर ग्लास पाणी प्यायची. इस्त्रीवाली वारली आणि मावशीचं पाणी तुटलं. सकाळी एक घोट, मग थेट घरी. खाली एक संडास होता, पण त्याला कायम कुलूप. "पाहुण्यांसाठी आहे," मालक म्हणायचा.

आजही ती सगळं गिळून गप्प बसली असती. पण मालकाने पाणी मागवलं, आणि बाईंनी एक ग्लास शेजारच्या मशीनवरच्या पोरीपुढे केला. ती मावशीची भाची, कामावर नवीनच, कुबडी भिंतीला टेकवून बसलेली. तिने ग्लास हळूच मागे सरकवला.

"नको. तहान नाही."

"कुणी शिकवलं ग तुला हे?" मावशीने विचारलं.

"तुला बघूनच, मावशी."

मावशीने तो ग्लास उचलून भाचीच्या हातात कोंबला. "पी. माझी शपथ आहे." दुसरा स्वतः घटाघटा रिकामा केला आणि मालकाकडे वळली.

"किल्ली दे."

"कसली?"

"खालच्या संडासाची. घसा फोडून पाणी पाजतोस ना? मग पुढचंही बघ. तू शाळेत जायचास तेव्हापासून तुझ्या सदऱ्यांना बटणं मी लावलीत, मला पाहुण्यांच्या गोष्टी सांगू नकोस."

"अहो मावशी, बाईंच्या समोर..."

"मलाही जायचंय," बाई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या.

मालकाने चडफडत किल्ली काढून मावशीच्या हातात टेकवली. तिने दार उघडलं, तर आत छतापर्यंत कापडाचे गठ्ठे रचलेले. एकेक मशीन थांबत गेलं.

"वा रे वा!" मावशी ओरडली. "चिंध्यांना जागा आहे! आणि हेळसांड म्हणे माझी!"

तिने हाताला लागेल तो गठ्ठा ओढला. वरचे धडाधड कोसळले.

"अहो, माल मळेल!"

"मळू दे. धुऊन निघेल. माझं गेलेलं मूत्रपिंड कशाने धुऊ?"

भाची कुबडी घेऊन आली, मग बाकीच्या बायकाही. गठ्ठे थेट मालकाच्या टेबलावर जाऊन पडू लागले. वाट मोकळी झाली तशी मावशीने भाचीला आत पाठवलं आणि स्वतः दाराशी पाट आडवा लावून बसली.

"किल्ली द्या परत," मालकाने हात पुढे केला.

मावशीने किल्ली पोलक्यात खोचली आणि बाईंना म्हणाली, "जरा पाणी द्या हो. खूप वर्षांची तहान आहे."