मनातही नाही

तिच्या बोटांना अडकवलेला प्लास्टिकचा साचा, बाळाच्या चमच्याएवढा आणि तसाच निरुपद्रवी... आणि त्यातून एकटीच बाहेर राहिलेली अनामिका, वर्गाबाहेर उभं केल्यासारखी. दाब, उचल, थांब. पियानोच्या एकाच पट्टीवर, दहा वेळा. मग हात मांडीवर, विश्रांती.

"दुखतं का गं?" ताई विचारायची. नाही. "मग?" मग काय सांगणार... हाच हात लसूण सोलतो, बटणं लावतो, सही करतो; पियानोला बसलं की मात्र शेवटची दोन बोटं गोगलगायीसारखी तळव्यात शिरतात. "मग लसूण सोलायचे कार्यक्रम लाव," ताई म्हणाली होती, दोघी पोट धरून हसल्या होत्या, आणि आधी गप्प झाली ती ताईच.

तीस वर्षं एकच औषध ठाऊक – चुकलं की शंभरदा. बोट पहिल्यांदा वळलं तेव्हाही तिने तेच केलं, रोज सहा तास, दात-ओठ खाऊन. आणि मेंदूने ती चूकच इमानेइतबारे पाठ केली. आता उपचार म्हणजे विसरणं. वाद्यवृंदाने तिची जागा वर्षभर राखली होती. त्यातले दोन महिने उरले होते.

"आत्ता वाजवताय तुम्ही," थेरपिस्ट बाई म्हणाल्या.

"नाही हो! हात मांडीवर आहे."

"मनात." मनगटाच्या वर चिकटवलेल्या वायरी स्नायूंची हालचाल टिपत होत्या, तिची रेघ पडद्यावर थरथरत होती. "बोटांना कळतं ते. जुनंच वळण गिरवतात. घरी पियानोला हात लावत नाही म्हणालात – पण हे?"

हे... हे तर भाजी चिरताना, बसमध्ये, ताईचं बोलणं ऐकतानाही... याला सराव कोण म्हणतं? चोरी पकडल्यासारखे तिचे कान तापले. म्हणजे गेले दहा महिने रोज, आपणच आपल्या हाताने...

"मनातही नाही," बाई मऊपणाने म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

तिने डोळे मिटले. सूर आले, सवयीने. तिने त्यांना हाकललं नाही, नुसता पुढचा सूर दिला नाही... बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. रेघ सपाट झाली.

आत इतकी शांतता तिला कळत्या वयापासून ठाऊक नव्हती. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. हात जड, उबदार, कुणाचाही असावा तसा – दोन महिने, ती जागा, काही म्हणता काही आठवेना...

"छान. आता उचला बोट."

ऐकू आलं होतं तिला. आणखी थोडा वेळ असंच, तिला वाटलं; आणि आपल्याला असं वाटतंय हे लक्षात येऊन ती घाबरली.