डब्यावरची पाटी

मिना धावती अक्षरं आधी वाचायला शिकली, थांबलेली नंतर.

तिच्या तांड्यात शाळा होती ती नावाला. गुरुजी झेंडावंदनाला यायचे, पेढे वाटायचे आणि मग त्यांची सायकल कुणाला दिसायची नाही. मिनाकडं घरच्या शेळ्या होत्या. त्या घेऊन ती रोज धारखेड्याच्या स्टेशनाकडं जायची, कारण शेतात शेळी शिरली की शिव्या, आणि रुळाच्या कडेचं गवत कुणाच्या मालकीचं नव्हतं. वसमत आणि हिंगोलीच्या मधलं ते बारकंसं स्टेशन. तेव्हा छोटी लाईन होती. नव्वद-एक्याण्णवच्या त्या दिवसांत मधूनच एखादं कोळशाचं इंजिनही यायचं आणि त्याच्या काजळीनं शेळ्यांची पाठ करडी व्हायची.

तिथंच तिला अफशीन भेटली. अन्सार पिंजाऱ्याची मुलगी. स्टेशनामागच्या गल्लीत त्यांचं गाद्या भरायचं घर. कापूस पिंजायला लागला की घरभर पांढरा धुरळा व्हायचा आणि अफशीनला खोकल्याची उबळ यायची. मग तिची आई अख्तरीबी तिला बाहेर हाकलायची. ती मिनापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी होती आणि गावातल्या शाळेत जायची. स्टेशनाबाहेरच्या सिग्नलपाशी एक बाभूळ होती, तिच्याखाली ती येऊन बसायची.

एक गाडी गेली तशी ती म्हणाली, "अकोल्याची."

"तुला कुनी सांगितलं?" मिनानं विचारलं.

"कुनी काहून सांगंल? पाटीवर लिवलंय न्हाई का."

मिनाला ते खरंच वाटेना. गाडी कुठं जाते हे मोठ्या माणसांना आपोआप कळतं, असं ती धरून चालली होती. डब्याच्या कुशीवर, खिडक्यांच्या खाली टांगलेल्या त्या पाटीवर ते उघडं लिहून ठेवलेलं असतं आणि कुणीही ते वाचू शकतं, हे कळल्यावर तिला त्या रात्री धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. सिग्नलपाशी गाडीचा वेग कमी व्हायचा, तरी एका पाटीला किती वेळ मिळणार? एका गाडीत एखादं अक्षर हाती लागायचं. सकाळच्या गाडीला 'पू', संध्याकाळच्या गाडीला 'र्णा'. काही डब्यांवर तेलुगू अक्षरंही असायची. ती अफशीनलाही यायची नाहीत. "ती जिलबी. तिचा घास आपल्याला न्हाई," असं म्हणून ती सोडून द्यायची. पुढं कितीतरी वर्षांनी मिना कागदावरचं वाचायला लागली, तेव्हाही तिची मान डावीकडून उजवीकडं सरकायची. लोक हसायचे.

एकदा तिला पाटीवरचा नुसता 'ड' दिसला आणि ती ओरडली, "खंडवा!"

अफशीननं तिचा कान धरला. "काचीगुडा होतं ते. 'ड' दिसला तर 'ड' म्हन. बाकीचं मनानं जोडू नको."

"पन खंडव्याची असती तर?"

"असती तर असती. तुला दिसली का?"

मिनाला ते बरोबर पटलं. मग तो दोघींचा नियमच झाला. खिडकीत दिसलेली बाई रडत होती की डोळ्यात कोळशाचा कण गेला होता, हेसुद्धा नीट दिसल्याशिवाय सांगायचं नाही. तासन्‌तास बसून, क्षणभर दिसेल तेवढं टिपायचं आणि तेवढंच बोलायचं. मिनाची दुसरी शाळा झालीच नाही. जी झाली ती ही.

शहाण्णव साली अफशीनचं लग्न झालं. मुलगा खंडव्याचा, बेकरीत कामाला. ती याच लाईननं सासरी गेली. ईदला माहेरी यायची, आणि परत जाताना मिना सिग्नलपाशी उभी राहायची. पुढं मिनाचंही लग्न झालं. औंढ्याच्या बाजूला, पायी येण्याजोग्या तांड्यात तिला दिलं. नवरा जगन भला माणूस. मिना म्हणायची, "इथं गाडीचा आवाज येत न्हाई," तेव्हा तो म्हणायचा, "बरं हाय की, झोप तरी लागती." तिला मात्र त्या शांततेतच झोप लागत नसे.

वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात माहेरी आलेल्या मिनाला तिची आई, पारुबाई, म्हणाली, "पिंजाऱ्याची पोरगी आलीया. बघून ये बाई. लई वंगाळ झालंय."

मिना धावतच गेली. अन्सारचाचा दारातच भेटले. त्यांनी तिला भिंतीकडं घेतलं आणि आवाज खाली केला.

"शुगर हाय तिला. डोळे गेले, आता किडन्या बी गेल्या. नांदेडच्या डॉक्टरनं हात वर केले, बेटी. बोलला, घरी न्या, खिलाव-पिलाव." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि हात जोडले. "तिला कुनी बोललं न्हाई. ती समजती, बरी हून चालली. तू बी बोलू नको. कशाला तकलीफ?"

अफशीन गादीवर भिंतीला टेकून बसली होती. पायावर सूज, चेहरा फुगलेला. मिनाच्या हाताचा स्पर्श होताच ती हसली.

"शेळ्यांचा वास येतो गं तुझ्या हाताला, अजून बी."

तिचं पोरगं खंडव्याला होतं. सात वर्षांचं. शाळा बुडंल म्हणून सासूनं ठेवून घेतलं होतं. "बरी झाले की जाते," असं ती दर दोन वाक्यांनी म्हणायची, आणि अख्तरीबी दर वेळी "हौ, हौ" म्हणून चुलीकडं तोंड फिरवायची.

मिना माहेरी राहिली तेवढे दिवस तिच्याकडं जात राहिली. एक दिवस अफशीन म्हणाली, "सिंगलपाशी ने मला. लाईन बंद हून राहिली म्हनतेत. मोठी लाईन टाकनार. एकदा बसू."

दोघी हळूहळू गेल्या. मिनानं तिला जवळजवळ उचलूनच नेलं. बाभूळ तोडलेली होती. तिच्या बुंध्यावर अफशीनला टेकवलं. दुपार कलली होती. गाडी उशिरा आली. आवाज ऐकून अफशीननं मान वर केली आणि म्हणाली, "वाच."

मिनानं पाहिलं. जुनाट डबे, रंग उडालेला, आणि पाट्याच नव्हत्या. पाटी अडकवायचे नुसते लोखंडी आकडे होते. बंद व्हायला आलेल्या लाईनीवर पाट्या कोण लावतो? पण अफशीनचा चेहरा असा गाडीकडं लागला होता, की मिनाच्या तोंडून निघालं, "काचीगुडा."

अफशीननं शेवटचा डबा जाऊ दिला. मग म्हणाली, "काचीगुड्याची गाडी बंद हून किती वरसं झाली, मिना."

मिना लांब जाणाऱ्या गाडीकडं बघू लागली.

"काय होतं पाटीवर?"

"पाटी नव्हती. कोरेच होते डबे."

"मंग तसं सांग ना." तिनं मिनाचा हात चाचपडत शोधला. "मी तुला खोटं वाचाय शिकवलं न्हाई. घरात समदे काचीगुडा-काचीगुडा करून राहिलेत. मला ऐकू येतं. अम्मी चुलीपाशी रडती ते बी ऐकू येतं. मला दिसत न्हाई, तू तर बघून राहिली. अब्बा दारात तुला काय बोलले?"

मिनाला अन्सारचाचांचा आवाज आठवला. 'कशाला तकलीफ.' तिनं रुळांकडं पाहिलं. शेवटी म्हणाली, "डॉक्टर म्हनला, घरी न्या. उपाय न्हाई."

अफशीननं मान हलवली. जणू एखादं अर्धं दिसलेलं अक्षर पुरं झालं. रडली नाही. मग म्हणाली, "मंग मला खंडव्याला जायचंय. पोरापाशी. गाडी चालू हाय तोवर."

त्या संध्याकाळी अफशीननं घरी खंडव्याचं काढल्यावर जे झालं ते मिना कधी विसरली नाही. अन्सारचाचा तिच्यावर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "मी तुला लेकीवानी मानलं. हात जोडून सांगितलं होतं." अख्तरीबीनं तिला दाराबाहेर केलं. आतून अफशीनचा आवाज येत होता, "तिला काहून बोलता? मीच इचारलं." कुणी ऐकलं नाही.

तरी अफशीनचा हट्ट मोडला नाही. चाचा तिला खंडव्याला पोचवून आले. मिना प्लॅटफॉर्मवर गेली नाही. तिथं तिला कुणी उभं राहू दिलं नसतं. ती दुरून, शेताच्या बांधावरून पाहत राहिली. कोणत्या खिडकीत अफशीन होती, ते तिला दिसलं नाही.

पंधरवड्याच्या आत अफशीन गेली. तिकडंच तिची माती झाली.

आणि मग लाईनही बंद झाली. रूळ उखडले, जुने स्लीपर ट्रकात भरले गेले. खडी टाकायला आसपासच्या तांड्यांतली माणसं लावली, त्यांत जगन होता आणि मिनाही होती. जिथं शेळ्या चारल्या तिथंच ती डोक्यावर टोपलं घेऊन खडी वाहू लागली. हाताला काम मिळालं याचा आनंद मानावा की काय, तिला कळत नसे. दुपारी सगळी स्टेशनाच्या भिंतीच्या सावलीला बसायची तेव्हा ती रिकाम्या भरावाकडं पाठ करून भाकरी खायची.

असंच एका उन्हाळ्यात अन्सारचाचा भरावावरून येताना दिसले. खांद्यावर कापूस पिंजायची पिंजण, पाय धुळीनं भरलेले. दोन वर्षांत म्हातारे झाले होते. मिना उठून उभी राहिली. ते पुढं निघून जातील असं तिला वाटलं. पण ते थांबले.

"वसमतहून पायी येऊन राहिलो," ते म्हणाले. "खंडव्याला जायचं तर आता तीन-तीन गाड्या बदलाव्या लागतेत. हिंगोली, वाशिम, अकोला... चढाया-उतराया गुडघे चालत न्हाईत. बरसी झाली, दुसरी बी झाली. कबर बघाय न्हाई झालं."

मिनानं हातातली भाकरी फडक्यात ठेवली.

"तू बोलली नसतीस तर हितंच राह्यली असती. आमच्या कबरस्तानात. रोज सकाळी गेलो असतो मी."

"व्हय, चाचा."

"पोरगं तिच्या कुशीत झोपलं म्हने. शेवटपर्यंत." त्यांनी खांद्यावरची पिंजण सावरली. "ते बी खरं हाय. पर माझ्या हातून माफ न्हाई होत, बेटी. कोशिश करतो. न्हाई होत."

मिनानं कळशीतून तांब्या भरून पुढं केला. चाचांनी पिंजण खाली ठेवली, खडीवर उकिडवे बसले आणि ओंजळ धरली. ती वरून पाणी ओतत राहिली. त्यांना फार तहान लागली होती.