न गळलेली ताडपत्री

मित्रांनो, ट्रकमधल्या मालावर दोरांनी आवळून बांधलेलं जाड, मळकट कापड तुम्ही पाहिलं असेल. ट्रकवरची रंगीत चित्रं तुम्ही न्याहाळता, मागची अक्षरं वाचता. त्या कापडाकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. मी तसलीच एक जुनी ताडपत्री आहे. माझ्यावर एकदा खोटा आळ आला, त्याची ही हकिकत.

कारखान्यात जाड सुती कापडाला मेण चोळून आणि कडेला पितळी कड्या ठोकून मला तयार केलं. मग इतवारी बाजारातल्या एका दुकानात मी घडी होऊन पडले. तिथून जागेश्वरभाऊंनी मला घेतलं. ते उमरेडच्या विणकरांच्या घरातले. घरचे माग बंद पडले, तेव्हा ते ट्रक चालवायला शिकले आणि पुढे कर्ज काढून त्यांनी स्वतःचा ट्रक घेतला. दुकानदार भाव सांगत होता आणि ते माझं कापड बोटांनी चाचपत होते. "वीण घट्ट आहे," एवढंच ते म्हणाले. मला फार बरं वाटलं.

मग सुरू झाला प्रवास. रायपूर, जबलपूर, हैदराबाद. कधी माझ्याखाली मिरचीची पोती असत, कधी कापडाचे गठ्ठे. ऊन मी अंगावर घ्यायचे, पाऊस अंगावर घ्यायचे. दोर घासून माझा एक कोपरा विरला, तेव्हा जागेश्वरभाऊंच्या पत्नीनं, तुळजाबाईंनी, दाभण घेऊन त्यावर ठिगळ शिवलं आणि वरून डांबर लावलं. "आता यातून पाणी गेलं तर माहं नाव सांगजा," त्या नवऱ्याला हसत म्हणाल्या.

जागेश्वरभाऊंना माल मिळवून देत ते मनोहरराव. वाडीला, ट्रकच्या तळापाशी, त्यांचं छोटं ऑफिस होतं. व्यापाऱ्याला ट्रक हवा असतो, ट्रकवाल्याला माल हवा असतो. दोघांची गाठ घालून देणारा हा दलाल. डिझेलपुरतं भाडं आधी मिळायचं. उरलेलं, माल पोचल्याची पावती आणून दिली की मग.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तूरडाळ घेऊन जबलपूरला निघालो. वाटेत अवकाळी पाऊस आला, गाराही पडल्या. मी सगळं सोसलं. पोचल्यावर दोर सोडले, तेव्हा पोती कोरडी होती. हमालांनी ती उतरवली. पण गोदाम भरलेलं होतं, म्हणून पोती अंगणातच रचली. आभाळ पुन्हा भरून आलं. जागेश्वरभाऊ तिथल्या मुनिमाला म्हणाले, माझी ताडपत्री टाका वाटलं तर. आमचं आम्ही पाहू, असं त्यानं उत्तर दिलं. तो पावती लिहायला आत गेला आणि पाऊस आला.

मित्रांनो, मी रिकाम्या ट्रकमध्ये घडी होऊन पडले होते. पोती माझ्यासमोर भिजत होती. मला हाक मारता येत नाही.

पावतीवर मुनिमानं लिहिलं, माल ओला मिळाला. जागेश्वरभाऊ खूप भांडले. पण परमुलखात त्यांच्या बाजूनं बोलणारं कोण होतं? पावती नसती तर उरलेलं भाडंच बुडालं असतं. ते ती खिशात घालून परतले.

मनोहररावांनी पावती वाचली आणि भाडं अडवून ठेवलं. "जबलपूरच्या शेठनं माहेही पैसे रोखून धरले आहेत, जागेश्वरभाऊ," ते म्हणाले. "मी तरी कुठून देऊ?"

"माल माह्या गाडीत भिजलाच नाही. त्यायच्या अंगणात भिजला."

"ताडपत्री दाखवा बरं."

मला ऑफिससमोर जमिनीवर पसरलं. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. मनोहररावांनी ठिगळावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"ते जुनं आहे. चारही बाजूनं पक्कं आहे. बादलीभर पाणी ओतून पाहा ना."

"पाणी ओतून काय होते? पावतीवर जे लिहिलं तेच शेठ मानते."

पाणी कुणी आणलंच नाही. मी वाट पाहत होते. शेवटी मला गुंडाळून ट्रकमध्ये टाकलं.

त्यानंतर ट्रक वाडीलाच उभा राहिला. डिझेलला पैसे नव्हते, बँकेचा हप्ता थकला होता. शेजारचे ट्रक भरून जात, नवे येत. माझ्यावर धूळ साचली, कबुतरं येऊन बसू लागली. जागेश्वरभाऊ रोज ऑफिसात जायचे आणि परत येऊन स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसायचे. मला वाटायचं, त्यांनी मागं येऊन एकदा तरी माझ्यावरची धूळ झटकावी. ते आले नाहीत.

मग एके दुपारी मनोहरराव स्वतःच ट्रकपाशी आले. त्यांचाही चेहरा उतरलेला होता. "शेठ अर्धे पैसे सोडायला तयार झाला आहे," ते म्हणाले. "फक्त त्याच्या माणसाची चूक निघाली नाही पाहिजे. तुम्ही म्हणून टाका, ताडपत्री फाटली होती. नवी घ्या. पुढचा माल तुम्हालेच देतो."

जागेश्वरभाऊंचा हात माझ्या घडीवर होता. मग त्यांनी तो उचलला.

"फाटली होती," ते म्हणाले.

घरी तुळजाबाईंनी विचारलं, "काहून बोलले तुम्ही असं? मी शिवली होती ते."

"गाडी उभी आहे वं. काय करू मी?"

नवी निळी प्लास्टिकची ताडपत्री आली. मला कुहीच्या गोविंदाकडे, तुळजाबाईंच्या भावाकडे, देऊन टाकलं.

आता मी शेतात धानाच्या ढिगावर असते. इथे रस्ता नाही, ट्रकमधली गाणी नाहीत, सोबतीला कुणी नाही. मध्ये एकदा जागेश्वरभाऊ पाहुणे म्हणून आले. आदल्या दिवशीच पाऊस झाला होता. गोविंदानं माझी एक कड उचलली, आत हात घातला आणि मूठभर धान त्यांच्या हातावर ठेवलं.

"पाहा भाऊजी, एक थेंब गेला नाही. इतकी चांगली ताडपत्री काहून देऊन टाकली?"

जागेश्वरभाऊ हातातल्या दाण्यांकडे पाहत राहिले.

मित्रांनो, माझा त्यांच्यावर राग नाही. पोटाला चिमटा बसला की माणूस काय काय बोलतो, ते मी पाहिलं आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातली जुनी वस्तू वापरून झाली की पुसून, वाळवून, नीट घडी करून ठेवा. आणि कधी काही बिघडलं, तर जिला तोंड नाही तिच्यावर ढकलू नका. आधी बादलीभर पाणी ओतून पाहा.